जित्या बाईचा दगड

"मेस्त्री, दगड काय ठोकत बसलात? अक्षरं घाला." शेठ माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही. हातोडीने कातळ आणखी दोन ठिकाणी वाजवून पाहिला. दोन्हीकडे बद्द आवाज. चांगला दगड पितळी परातीसारखा खणखणतो. बद्द वाजला की समजायचं, आत पापुद्रे सुटलेत. वरून कितीही काळाभोर आणि दणकट दिसू दे, पावसाचं पाणी त्या पापुद्र्यांत शिरतं आणि एक दिवस वरची साल निघून येते. यात मोठं शास्त्र नाही. बायका बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच हे.

मी दगडावर नावं कोरायचं काम करत असे. आता हात थरथरतो, तोंड तेवढं चालतं. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर ज्या दगडी पाट्या आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या वडिलांच्या किंवा माझ्या हातच्या. बंगल्यांचे मालक बदलले, काही बंगले पडले, पण आमचं एकही अक्षर पडलं नाही. याला कुणी घमेंड म्हणालं तर म्हणू दे.

ही गोष्ट आता सांगायचं कारण असं, की परवा माझ्या नातीच्या लग्नात तिच्या मैत्रिणींनी तिला एक तारा भेट दिला. म्हणजे आकाशातल्या ताऱ्याला तिचं नाव दिलं आणि तसं छापलेला एक कागद फ्रेम करून दिला. नात हुशार आहे. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा, पैसे वाया गेले ना हो त्यांचे?" मी म्हटलं, थांब, तुला शेठच्या नामशिळेची गोष्ट सांगतो.

साठ सालानंतरचा तो काळ. लोणावळ्याला मधुचंद्रासाठी जोडपी यायला लागली होती. दरीच्या तोंडाशी एक नवं हॉटेल झालं होतं. त्याच्या आवारात एक उभा कातळ होता. हॉटेलचे मालक शेठ, त्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की या कातळावर जोडप्यांची नावं कोरायची. त्याला नाव दिलं 'नामशिळा'. तुमचं नाव सह्याद्रीवर अजरामर, अशी पाटी मुंबईच्या पेंटरकडून रंगवून आणलेली. नाव कोरायचे पैसे शेठ घेणार, कोरणारा मी.

पहिली पार्टी समोरच उभी होती. दिनकरराव त्यांचं नाव. मुंबईला रंगाच्या कंपनीची एजन्सी होती. टेरिलिनचा शर्ट, गळ्यात कॅमेरा, माणूस हसतमुख. बायकोला वाढदिवसाला दरवर्षी काहीतरी जगावेगळं द्यायचं, हा त्यांचा छंद. एका वर्षी तांदळाच्या दाण्यावर तिचं नाव लिहून काचेच्या नळीत घालून दिलं होतं. एका वर्षी शिट्टी वाजवली की दिवा लागणारं काहीतरी. या वर्षी बायकोचं नाव सह्याद्रीवर.

त्यांनी मला विचारलं, "किती वर्षं टिकेल?"

मी म्हटलं, "तीन-चार पावसाळे. मग नावासकट साल दरीत."

शेठचा चेहरा असा झाला, की माझ्याच हातोडीने मला वाजवून बघावं. त्यांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, तुम्ही अक्षरं कोरायची, गॅरंटी देणं तुमचं काम नाही. मी म्हटलं, अक्षर माझं असेल तर गॅरंटीही माझीच. त्यावर ते जे म्हणाले, ते व्यवहाराला धरून होतं, मला आजही तसंच वाटतं. "अहो, मधुचंद्राचं जोडपं पुन्हा नाव बघायला कधी येतं?"

मी छिन्न्या पिशवीत भरल्या. ऑर्डर गेली. पण दिनकररावांनी मला फाटकापाशी गाठलं. शेठसमोर बोलले नव्हते, पण त्यांना ते लागलं होतं. म्हणाले, "मग टिकणारा दगड दाखवा मला. माझी हौस म्हणजे पोरखेळ आहे असं बायको म्हणते. या खेपेला तिला तसं म्हणू द्यायचं नाही."

मला माणूस आवडला. पुढच्या रविवारी मी त्यांना कामशेतला बोलावलं आणि बेडसे लेण्यांवर घेऊन गेलो. चढताना त्यांचा दम निघाला, पण तक्रार नाही. लेण्यांच्या जवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. एका टाक्यावर जुनी अक्षरं आहेत. मला ती वाचता येत नाहीत. पण लहानपणी वडिलांनी माझं बोट त्या खाचांतून फिरवून घेतलं होतं. खाच वर रुंद आणि आत निमुळती हवी, म्हणजे उन्हात सावली नीट पडते आणि अक्षर लांबून दिसतं. खालची कड किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी आत साचत नाही. माझी शाळा ती. पुढे एकदा एक अभ्यासक माणूस तिथे भेटला होता, त्याने सांगितलं की हे टाकं कुणा बड्या घरच्या बाईने दान दिलं आणि तिचं नाव वर आहे.

मी हे दिनकररावांना सांगितलं. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला, मग वाकून टाक्यातलं पाणी बघितलं. कॅमेरा उघडलाच नाही.

परतताना आम्ही डोंगरावरच्या वाडीतून आलो. तिथले गडी आमच्या खाणीवर दगड फोडायला येत, म्हणून माझी ओळख. वाडीच्या खालच्या अंगाला एक झिरा होता. म्हणजे मातीत उकरलेला खड्डा, त्यात पाणी पाझरून येतं. तीन बाया बसल्या होत्या. एकजण वाटीने पाणी उपसून हंड्यात घालत होती, बाकीच्या आपला नंबर येण्याची वाट बघत होत्या. वरच्या अंगाला कातळातून चांगला जिवंत झरा वाहत होता, पण अडवायला काही नाही, सगळं पाणी नाल्यात. दिनकरराव उभेच राहिले. हंडा काही भरेना.

कामशेत जवळ आल्यावर म्हणाले, "मेस्त्री, वरच्या झऱ्याखाली टाकं बांधता येईल का? आणि तुमचा खणखणीत दगड पुढे लावायचा. त्यावर सुशीला."

वाडीने होकार दिला, आणि काम सुरू झालं. माझ्या ओळखीचा गवंडी, वाडीचे गडी, खाणीतला घडीव दगड आणि चुना. दगड डोक्यावरून वर नेताना बायाही मागे हटल्या नाहीत, स्वतःचं पाणी होतं ते. मी पुढच्या दगडासाठी चार दगड नाकारले. पाचवा वाजवला आणि गवंडी म्हणाला, हा तर गातोय. दिनकररावांच्या मनात 'प्रिय पत्नीस सप्रेम भेट', तारीख, वाढदिवस, असा सगळा मजकूर होता. मी ऐकलं नाही. दगडावर जितकं कमी, तितकं खोल जातं. फक्त 'सुशीला' एवढी तीन अक्षरं, हाताच्या पंजाएवढी. शिरोरेषा एका दमात ओढल्यासारखी सरळ. आयुष्यात मी शेकड्यांनी नावं कोरली असतील, पण त्या 'शी'ची वेलांटी मला आजही डोळे मिटले की दिसते.

दगड बसवला तेव्हा वाडीची माणसं भोवती जमली. वाचता कुणालाच येत नव्हतं. काय लिहिलंय असं विचारलं, तर मी म्हटलं, सुशीला, बाईचं नाव आहे. कोण बाई? मी म्हटलं, ज्या साहेबांनी टाकं बांधलं, त्यांची मंडळी. पुरुषांनी डोक्याची फडकी काढली. एका म्हातारीने हात जोडले. मला वाटलं, कामाचा मान राखतायत. छाती फुगवून मी डोंगर उतरलो.

पंधरा दिवसांनी सांडव्याचा चुना धरला का ते बघायला गेलो. चैत्र संपत आला होता. टाकं काठोकाठ भरलेलं, पाणी आरशासारखं, आणि टाक्याकडे जायला पायवाटच पडलेली नाही. ज्या पाण्यावर माणूस जातो, तिथे आठ दिवसांत वाट पडते. इथे गवत सरळ उभं. दगडासमोर मात्र हळद, कुंकू, तांदूळ आणि पानाच्या द्रोणात दूध. खाली बघतो तर बाया त्याच झिऱ्यावर, वाटी घेऊन.

मला संतापच आला. वाडीत चांगुणामावशी म्हणून एक म्हातारी होती, तिचा शब्द वाडीत चाले. मी तिला विचारलं, टाकं काय पूजेला बांधलं का?

मावशी शांतपणे म्हणाली, "त्यो बाईचा दगुड हाय. तिच्या म्होरचं पानी तिचं. त्येला आमी कसा हात लावावा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडीच्या वेशीवर झाडाखाली कोरलेले दगड उभे असत. माणूस गेलं की त्याच्या नावाने दगड बसवायचा, त्याला पाणी ठेवायचं, अशी तिथली रीत. कोरलेला दगड त्यांच्याकडे या एकाच कामाचा. नवऱ्याने मेलेल्या बायकोसाठी दगड बसवला, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. फडकी काढली होती ती माझ्या वेलांटीसाठी नाही.

मी सुटकेचा श्वास सोडून म्हटलं, "अगं मावशी, ती बाई जिवंत आहे. मुंबईला धडधाकट आहे."

मला वाटलं, आता हसतील. मावशी मटकन खाली बसली. "जित्या बाईचा दगुड बसीवला तुमी?" तिचा आवाज खाली गेला होता. "म्हंजी तिला बोलावनं धाडल्यागत झालं की. आमच्या पान्यापायी कुनाच्या लेकीचं वाईट व्हायला नगं, मेस्त्री. झिऱ्यावर हाय की थोडं. तुमी त्ये नाव काडून टाका."

मी भांडायला गेलो होतो. पण यावर काय भांडणार? ज्या बाईला कधी बघितलं नाही, तिचा जीव जाऊ नये म्हणून या बाया भरलेलं टाकं सोडून वाटीने पाणी उपसत होत्या. मी खूप समजावलं, मुंबईत जिवंत माणसांची नावं दगडावर असतात, माझ्या सगळ्या पाट्या जिवंत माणसांच्याच आहेत. मावशी ऐकून घेई आणि मान हलवी. मुंबईचं मुंबईला, म्हणाली.

घरी आलो, पण जेवण जाईना. कोरलेलं अक्षर मी कधी पुसलं नव्हतं. वडिलांनीही नाही. त्यात पुढच्याच रविवारी सुशीलाबाईंचा वाढदिवस, आणि दिनकरराव त्यांना काही न सांगता घेऊन येणार होते. ट्रंक कॉल लावून मी त्यांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे हाही पोरखेळच झाला." त्यांचा तो पडलेला आवाज मला सहन झाला नाही. पण मावशीचाही कानांतून जात नव्हता. मी म्हटलं, तुम्ही या. बाया टाक्यावर आल्या नाहीत, तर मी स्वतः नाव छाटीन. झिरा आटत चाललाय, आणि पाणी माझ्या अक्षरांपेक्षा मोठं आहे.

रविवारी पिशवीत छिन्नी-हातोडी घेऊनच गेलो.

सुशीलाबाई मुंबईच्या एका शाळेत गणित शिकवत. जाड भिंगाचा चष्मा, चांगली इस्तरीची साडी, चेहरा करडा. डोंगर चढताना नवऱ्याला एकदाच म्हणाल्या, या वर्षी निदान घरी ठेवायला जागा लागणार नाही असं काहीतरी असू दे. दिनकरराव कसनुसे हसले.

टाक्यापाशी वाडीतली माणसं लांब उभी होती. सुशीलाबाई दगडासमोर गेल्या. आपलं नाव वाचलं. मग हळद-कुंकू बघितलं, तांदूळ बघितले, दुधाचा द्रोण बघितला. बाई हुशार, दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही.

नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, मी मेले का?"

दिनकररावांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच सगळं सांगितलं. झिरा, टाकं, वेशीवरचे दगड. नाव का काढायला सांगतायत तेही. तुमचं वाईट होऊ नये म्हणून या बाया भरलेल्या टाक्याकडे फिरकत नाहीत, असं म्हणालो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा करडेपणा गेला. त्या वळून खालच्या झिऱ्याकडे बघत राहिल्या. तिथे एक बाई हंडा मांडून बसलीच होती.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या.

त्या सरळ चांगुणामावशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मी काय करू म्हणून विचारलं. वर्गात शंका विचारावी तसं. मावशीने आधी त्यांचा हात धरून बघितला, गरम आहे का. मग दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. वाडीतली सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि माझा हात पिशवीतल्या छिन्नीवर होता.

"मेलेलं मानूस पानी भरत न्हाई," मावशी म्हणाली. "हिला भरू द्या. हिनं वाडीत पानी आनलं, तर मंग आमी भरू."

सुशीलाबाईंनी चष्मा नवऱ्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि चपला काढल्या. मावशीच्या सुनेने डोक्यावर चुंबळ ठेवली, म्हणजे हंडा बसायला कापडाची गोल गुंडाळी. टाक्यातून हंडा भरला. दिनकरराव धरायला पुढे झाले, तर म्हणाल्या, तुम्ही फोटो काढा. उतारावरून वाडीपर्यंतची वाट काही फार नाही, पण जिने हंडा कधी डोक्यावर घेतला नाही तिला विचारा. निम्मं पाणी साडीवर सांडलं. दोनदा हंडा कलला, दोन्ही वेळा बाजूने हात पुढे आले, आणि दोन्ही वेळा मावशीने त्या हातांवर चापट मारली. तिनेच न्यायचा होता ना.

उरलेलं पाणी सुशीलाबाईंनी मावशीच्या रांजणात ओतलं. मावशीने त्यातलं ओंजळभर सगळ्यांच्या देखत प्यायलं. मग स्वतःचा हंडा उचलला आणि टाक्याची वाट धरली. तिच्या मागे सून, तिच्या मागे सगळी वाडी. पहिल्यांदा गवत तुडवलं गेलं.

मी दगडावरचं हळद-कुंकू धुवायला गेलो, तर मावशीने अडवलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जितीला बी कुकू लावत्यात."

छिन्नी पिशवीतून बाहेर काढावी लागली नाही. उतरताना दिनकरराव सारखे काहीतरी पुसत होते. बायकोचा चष्मा की स्वतःचे डोळे, ते मी बघितलं नाही. खाली आल्यावर सुशीलाबाई मला म्हणाल्या, "मेस्त्री, तो तांदळाचा दाणा बघायला भिंग लागतं. कपाटात आहे, आणि भिंग कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही." मग थोडं चालून म्हणाल्या, "आज मात्र यांनी काहीतरी दिलं मला." दिनकरराव पुढे चालत होते, पण त्यांनी ऐकलं. त्यांची मान ताठ झाली ती मी मागून बघितली.

शेठच्या नामशिळेवर दुसऱ्या कुणीतरी नावं कोरली. दोन हंगाम चांगला धंदा झाला. मी म्हटलं होतं तसंच झालं, चौथ्या पावसाळ्यात अख्खी साल नावांसकट दरीत गेली. तक्रार करायला एकही जोडपं आलं नाही, हे शेठचंही खरं ठरलं. पुढे त्यांनी हॉटेलच्या फाटकाची पाटी मात्र माझ्याकडूनच करून घेतली. दगड वाजवून घ्या हं मेस्त्री, असं स्वतःहून म्हणाले.

वाडीत त्या टाक्याला दुसरं नावच उरलं नाही. बाया म्हणतात, सुशीलावर जाऊन येते. औंदा सुशीलाला लय पानी हाय. सुशीलाबाई निवृत्त होईपर्यंत दर वाढदिवसाला तिथे जात आणि एक हंडा वाडीत आणत. शेवटी शेवटी पाणी सांडेनासं झालं होतं.

त्या गेल्या, तेव्हा दिनकररावांचं पत्र मला आलं. वाडीत सांगायला मी स्वतः गेलो. चांगुणामावशीही तोवर राहिली नव्हती. तिच्या सुनेने ऐकून घेतलं, दोन घरांत निरोप धाडला. त्या दिवशी वाडीतल्या एकाही बाईने टाक्यावर पाणी भरलं नाही, सगळ्या लांबच्या विहिरीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड धुतला, दूध ठेवलं, आणि मग हंडे भरले. मी तिथे उभा होतो. अक्षरांतून पाण्याचे ओघळ उतरत होते. एकही कड झिजलेली नव्हती.

नातीने सगळं ऐकलं आणि विचारलं, मग माझ्या ताऱ्याचं काय?

मी म्हटलं, मैत्रिणींनी प्रेमाने दिलाय, भिंतीवर लाव. चांगला का वाईट ते मी कसं सांगू? तो वाजवून बघता येत नाही.